घरच्या टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर खरे एचडी चित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही एचडी, सेट-टॉप बॉक्स एचडी, महिन्याचा रिचार्जही एचडीचा, आणि तरी चेहरे मेणासारखे आणि बातम्यांची खालची पट्टी पुसट. अशा घरांत बहुतेक वेळा नवे काहीच विकत घ्यावे लागत नाही. चॅनेल, बॉक्स, वायर किंवा टीव्हीची सेटिंग यांपैकी एखाद्या ठिकाणी चित्र एसडीवर, म्हणजे जुन्या कमी दर्जावर, अडलेले असते. ते ठिकाण आधी शोधावे, पाकीट नंतर काढावे.

एचडी, फुल एचडी, ४के म्हणजे नेमके किती?

एसडी चॅनेल ७२० × ५७६ ठिपक्यांचे (पिक्सेलचे) असते, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजार ठिपके. एचडी १२८० × ७२०, फुल एचडी १९२० × १०८० (सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके) आणि ४के ३८४० × २१६० (सुमारे ८३ लाख). ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचे पॅनेल बहुधा १३६६ × ७६८ चे असते. तो फुल एचडी सिग्नल घेतो, पण आकसून दाखवतो. खोक्यावरचा मोठा स्टिकर सोडा, बाजूला बारीक अक्षरांत छापलेले रिझोल्यूशन वाचा.

ओळींच्या आकड्यापुढे ‘पी’ असेल (जसे १०८०पी) तर प्रत्येक फ्रेम पूर्ण येते. ‘आय’ असेल तर आधी विषम ओळी आणि मग सम ओळी अशा निम्म्या निम्म्या येतात. आपल्याकडचे एचडी चॅनेल बहुतेक १०८०आय असतात, सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रे.

टीव्हीवर आत्ता काय येते आहे, हे कळणार कसे?

बॉक्स ज्या एचडीएमआय सॉकेटला (टीव्हीमागचे चपटे डिजिटल सॉकेट) लावला आहे तो इनपुट चालू ठेवून टीव्हीच्या रिमोटवरचे ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ बटण दाबा. बटण नसेल तर सेटिंगमध्ये सिग्नलची माहिती सापडते. ‘१९२० × १०८०, ५० हर्ट्झ’ असे दिसले तर बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता ठीक आहे.

मात्र एवढ्यावर विसंबू नका. एसडी चॅनेल लावले तरी बॉक्स ते ताणून १०८० करूनच पाठवतो, त्यामुळे टीव्ही १०८० च सांगणार. चॅनेल खरोखर एचडी आहे का, हे तपासायला क्रिकेटच्या सामन्यातली धावफलकाची पट्टी बघावी. एचडीत ओव्हरचा बारीक आकडा कापल्यासारखा धारदार दिसतो. एसडीत त्याच आकड्याभोवती करडी पुसट कडा असते. एकाच वाहिनीचे एसडी आणि एचडी क्रमांक आलटून पालटून लावले की डोळ्यांना लगेच कळते.

यूट्यूबवर व्हिडिओच्या मेनूत ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू केले की चालू रिझोल्यूशन आकड्यांत दिसते. नेटफ्लिक्सवर ‘टेस्ट पॅटर्न्स’ असे शोधले तर चाचणीचे व्हिडिओ येतात आणि त्यांच्या कोपऱ्यात रिझोल्यूशन व बिटरेट (सेकंदाला किती डेटा येतो) लिहिलेला असतो.

एचडी बॉक्स बसवला, तरी चित्र पूर्वीसारखेच. का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. याची चार कारणे असतात, याच क्रमाने तपासा.

पहिले, चॅनेल. एचडी चॅनेलचा क्रमांक वेगळा आणि पैसेही वेगळे. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘स्टार प्रवाह एचडी’ या बॉक्सच्या हिशेबात दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. पॅकमध्ये पहिलीच असेल तर बॉक्स कितीही भारी असला तरी एसडीच दिसणार. दुसरी घेतलेली असते पण घरच्यांच्या बोटांना जुना क्रमांक पाठ असतो, असेही सर्रास होते. फेव्हरिटच्या यादीतून जुने क्रमांक काढून टाका, नाहीतर आईबाबा रोज पुन्हा तिथेच जाणार.

दुसरे, वायर. बॉक्स बसवायला आलेला मुलगा घाईत लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी एव्ही वायर लावून जातो. पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींपलीकडे काहीही येत नाही. एचडीसाठी एचडीएमआय केबलच हवी. केबल लावली तरी टीव्हीचा सोर्स ‘एव्ही’वरून ‘एचडीएमआय १’वर न्यायचे राहून जाते, तेही बघा.

तिसरे, बॉक्सची सेटिंग. कित्येक बॉक्स ५७६ किंवा ७२० वर ठेवलेले असतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ किंवा डिस्प्लेच्या पानावर रिझोल्यूशन असते, ते १०८०आय करा. त्याच पानावर टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. तो ४:३ राहिला तर कडेला काळ्या पट्ट्या येतात किंवा माणसे बुटकी आणि रुंद दिसतात.

चौथे कारण तुमच्या हातात नाही. एचडी वाहिनीवर जुना चित्रपट किंवा पंधरा वर्षांपूर्वीची मालिका लागली असेल तर वाहिनीकडची प्रत बहुधा एसडीच असते, वाहिनी ती ताणून दाखवते. सेटिंगची परीक्षा नेहमी चालू सामन्यावर किंवा नव्या मालिकेवर घ्यावी.

बॉक्सला १०८०पी चा पर्याय आहे. तो १०८०आय पेक्षा चांगला नाही का?

नावावरून तसे वाटते, पण चॅनेल मुळात १०८०आय असल्याने निम्म्या ओळी जोडण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. चांगल्या टीव्हीतली चिप ते काम बॉक्सपेक्षा नीट करते, म्हणून १०८०आय ठेवावे. बॉक्सने ते काम वाईट केले तर चेंडू सीमेकडे धावताना तुटक दिसतो आणि सीमारेषेच्या दोरीला करवतीसारखे दाते येतात. स्वस्त प्रोजेक्टरची गोष्ट उलटी आहे. त्याला आय सिग्नल झेपत नाही. तिथे बॉक्स ७२०पी वर ठेवला तर ओळी थोड्या कमी होतात, पण हालचाल गुळगुळीत राहते. क्रिकेट आणि कबड्डीसाठी हा सौदा परवडतो.

महाग एचडीएमआय केबलने चित्र सुधारते का?

नाही. सिग्नल डिजिटल आहे, त्यामुळे चांगल्या केबलने रंग गडद होत नाहीत आणि साध्या केबलने फिके पडत नाहीत. केबल कमी पडते तेव्हा पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र सेकंदभर काळे होते किंवा ‘नो सिग्नल’ येते. सोन्याच्या मुलाम्याचे पैसे वाचवा.

केबलवर ‘२.०’, ‘२.१’ असे लिहून विकतात, पण ते क्रमांक मुळात सॉकेटच्या क्षमतेचे. केबलसाठी वेगळी नावे आहेत. फुल एचडीला ‘हाय स्पीड’ पुरते. ४के ६० हर्ट्झला ‘प्रीमियम हाय स्पीड’ (सेकंदाला १८ गिगाबिट) हवी. ४के १२० हर्ट्झ गेमिंगला ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (४८ गिगाबिट). बॉक्सपासून टीव्हीपर्यंत दीड-दोन मीटर पुष्कळ झाले. साध्या तांब्याच्या केबलवर ४के ६० हर्ट्झ पाच मीटरपलीकडे बेभरवशाचे होते. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेले टोक बॉक्सला आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक प्रोजेक्टरला लावायचे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि लोक केबल परत करतात.

घराचे काम चालू असेल तर एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिमीचा पाइप भिंतीत टाकतो. एचडीएमआयच्या पिनेची रुंदी प्लॅस्टिकसकट २० मिमीच्या आसपास असते, ती वळणावर अडकते. ४० मिमीचा पाइप, काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या गोलाईचे वळण आणि आत ओढायला एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. प्लॅस्टर झाल्यावर यातले काहीही होत नाही.

पावसात चित्र फाटते, चौकोन येतात. एचडी चॅनेलचाच दोष आहे का?

नाही. डीटीएचचे सिग्नल केयू बँडमध्ये, म्हणजे खूप उच्च वारंवारितेच्या लहरींवर, येतात आणि दाट पाऊस ते शोषून घेतो. कोकणात जुलैच्या सरीत दहा-पंधरा मिनिटे चित्र जाणे हे छत्री (डिश अँटेना) नीट लावलेली असली तरी होणारच. पण रिमझिम पावसातही जात असेल, किंवा पाऊस थांबून तास झाला तरी येत नसेल, तर दोष छतावर आहे.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी कमी असेल तर छत्रीची दिशा हललेली असते किंवा समोर काही तरी आलेले असते. आपले उपग्रह महाराष्ट्रातून दक्षिण ते आग्नेय दिशेला दिसतात, तेव्हा त्या बाजूला वाढलेली आंब्याची फांदी किंवा नारळाची झावळी आधी बघा. मे महिन्यात व्यवस्थित चालणारी छत्री ऑगस्टमध्ये रुसते ती पुष्कळदा पालवीमुळे.

दोन्ही पट्ट्या कमी असतील तर जोड तपासा. एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल घेणारा छोटा डबा) लागणाऱ्या एफ-कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या पिनेत, पाणी शिरते आणि मधली तांब्याची तार हिरवी पडते. वायरचे दोन इंच कापून नवा कनेक्टर लावावा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी आणि बाहेरच्या जाळीचा केसाएवढा तुकडाही तिला टेकता कामा नये. टेकला तर शॉर्ट होऊन एलएनबीला वीजच जात नाही. वायर एलएनबीत जाण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न जाता झोळाच्या टोकावरून गळून जाते. वरून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा रबरी टेप टिकते. स्लॅबच्या कडेला किंवा घसरणाऱ्या पत्र्यावर छत्री असेल तर हे काम स्वतः करू नका, तंत्रज्ञाला बोलवा.

हेही लक्षात घ्या की सिग्नल कमी झाल्याने चित्र धूसर होत नाही. ते अडकते, फाटते किंवा जाते. चित्र सतत धूसर असेल तर छतावर चढण्यात अर्थ नाही, वर सांगितलेली चार कारणे बघा.

डीडी फ्री डिशवर एचडी मिळते का?

फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. एचडीएमआयचा बॉक्स लावल्याने चित्र पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ येते एवढेच. मासिक भाडे नाही, हा त्याचा फायदा खरा. चित्रासाठी मात्र ते घेऊ नये.

केबलवाल्याकडचे एचडी डीटीएचपेक्षा कमी असते का?

बॉक्स एचडी असेल आणि पॅकमध्ये एचडी वाहिनी असेल तर तसे काही नाही. पावसात चित्र जाण्याचा त्रास केबलला कमी. वरचे सगळे तपास त्यालाही लागू.

इंटरनेट शंभर एमबीपीएसचे आहे, तरी वेब सिरीज धूसर दिसते.

नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि ४केला १५. शंभरची लाइन असताना कमी पडते ते बहुधा वेगळेच काही.

प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी वर थांबतो, स्टँडर्ड १०८०पी देतो आणि ४के फक्त प्रीमियममध्ये. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. स्वस्तातला प्लॅन घेऊन टीव्हीवाल्याशी भांडण्यात काही हशील नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये कधी काळी चालू केलेला ‘डेटा सेव्हर’ही बघून घ्या.

मग यंत्र. या ॲप्सना एचडी दाखवण्यासाठी यंत्रात वाइडवाइन एल१ नावाची सुरक्षा-मान्यता लागते. ती नसलेले म्हणजे एल३ वाले अँड्रॉइड बॉक्स आणि ‘स्मार्ट’ प्रोजेक्टर ॲप उघडतात, सिनेमाही चालवतात, पण एसडीतच. यूट्यूब धारदार आणि नेटफ्लिक्स पुसट, अशी तक्रार असेल तर जवळजवळ नक्की हेच कारण. नामांकित कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक त्याच एचडीएमआयला लावली की प्रश्न सुटतो.

स्टिक वापरत असाल तर तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. पुष्कळ टीव्हींची यूएसबी ५०० मिलिअँपियरच देते. स्टिक मधेच बंद पडते किंवा वायफाय अडखळते. सोबत आलेला ॲडॅप्टर लावा. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून वायफाय कमी घेत असेल तर खोक्यातली एचडीएमआयची आखूड जोडवायर वापरून ती बाहेर काढा. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचे वायफाय निवडा, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४. स्मार्ट टीव्हीला लॅन वायर लावता आली तर सर्वांत उत्तम. टीव्हीचे लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, पण ४केलाही ते पुरून उरते.

मोबाइलचा स्क्रीन टीव्हीवर मिरर करून सिनेमा बघणे टाळा. मिररिंगमध्ये फोन चित्र पुन्हा दाबून पाठवतो. ‘कास्ट’चे चिन्ह दाबले तर टीव्ही स्वतः इंटरनेटवरून चित्र ओढतो, त्यात दर्जा टिकतो.

नवा ४के टीव्ही घेतला आणि जुन्या डब्यापेक्षा चित्र वाईट दिसते. फसलो का?

फसला नाहीत. एसडी चॅनेलचे ४ लाख १५ हजार ठिपके पूर्वी २१ इंचांत बसत होते, आता तेच ५५ इंचांवर पसरले. चॅनेल एचडी केले की फरक पडेल.

अंतराचाही विचार करा. साधारण चांगल्या नजरेला ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके सुमारे १.७ मीटरपलीकडे वेगळे दिसत नाहीत आणि ५५ इंचीचे सुमारे २.२ मीटरपलीकडे. म्हणजे सोफा दहा फुटांवर असेल तर ४३ इंचांत फुल एचडी आणि ४के यांच्यात ठिपक्यांपुरता फरक डोळ्यांना कळणार नाही. अशा हॉलमध्ये ४केसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते मोठ्या आकारावर किंवा चांगल्या पॅनेलवर घालवावेत.

टीव्हीच्या कोणत्या सेटिंग बदलाव्यात?

दुकानात टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर ठेवतात कारण तिथे ट्यूबलाइटचा लखलखाट असतो. घरी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात आणि जुने निळसर चित्र नकोसे होते.

शार्पनेस वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत, कडांना पांढरी किनार तेवढी येते. सॅमसंगवर तो शून्याजवळ आणि सोनीवर ५० च्या आसपास ठेवा. कडेची अक्षरे कापली जात असतील तर ओव्हरस्कॅन चालू आहे. एलजीवर त्याचा इलाज ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’. चित्रपट मालिकेसारखा सपक आणि नको इतका गुळगुळीत दिसत असेल तर ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’ वगैरे बंद करा. सामन्याला हवे तर चालू ठेवा.

४के स्टिक किंवा गेम कन्सोल लावल्यावर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे चित्र) येत नसेल तर त्या ठराविक एचडीएमआय पोर्टची जास्त क्षमता टीव्हीत बंद असते. सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘डीप कलर’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावांनी ती चालू करावी लागते.

लॅपटॉप लावल्यावर अक्षरे पसरट दिसतात.

विंडोजमध्ये टीव्हीचे मूळ रिझोल्यूशन निवडा आणि टीव्हीत त्या इनपुटचे नाव ‘पीसी’ करा. पुष्कळ टीव्ही तेव्हाच रंगांची पूर्ण माहिती दाखवतात, एरवी लाल अक्षरे फुटतात. ४के ला माउस ओढत चालल्यासारखा वाटला तर एचडीएमआय १.४ मुळे ३० हर्ट्झ येत आहे.

आवाज येतो पण पडदा काळा.

बहुधा एचडीसीपी ही नक्कलबंदी. संरक्षित ४के सिनेमांना साखळीतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ लागते. मधला जुना स्प्लिटर, स्विच किंवा साउंडबार काढून थेट जोडून बघा. चित्र आले तर दोषी तोच.

‘४के सपोर्ट’ लिहिलेला स्वस्त प्रोजेक्टर घ्यावा का?

‘सपोर्ट’ म्हणजे ४के सिग्नल आत घेतो, इतकेच. आतले पॅनेल १२८० × ७२० किंवा त्याहूनही कमी असू शकते. विचारायचे ते ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन. दुकानात तपासायचे तर लॅपटॉप १९२० × १०८० वर, स्केलिंग १०० टक्के ठेवून जोडा आणि बारीक मराठी मजकूर उघडा. वेलांट्या आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले तर पॅनेल फुल एचडी नाही.

दुसरा फसवा आकडा उजेडाचा. ‘९००० ल्युमेन्स’ला अर्थ नाही, एएनएसआय ल्युमेन्स (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती ते बघा. १०० इंची पडदा २२१ सेमी रुंद आणि १२५ सेमी उंच असतो. पूर्ण काळोखात त्याला सिनेमागृहाइतका उजेड द्यायला साधारण ५०० एएनएसआय ल्युमेन्स प्रत्यक्ष पडद्यावर पडायला हवेत. दिवा चालू ठेवून किंवा दुपारी सामना बघायचा तर २००० ते ३००० धरा. त्याआधी जाड पडदे लावा, ते प्रोजेक्टरपेक्षा स्वस्त पडतात.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा?

माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ असतो. पडद्याच्या रुंदीला त्याने गुणले की भिंतीपासून लेन्सचे अंतर मिळते. दहा फूट म्हणजे ३०५ सेमी खोली धरा. प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागच्या वायरी यांना ४० सेमी सोडले तर २६५ उरतात. १.२ थ्रो रेशोच्या प्रोजेक्टरला तिथे बरोबर १०० इंच मिळतात, १.५ च्या प्रोजेक्टरला ८० च. खरेदीआधी टेप घेऊन हे मोजा.

प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनच्या सेटिंगने चौकोन सरळ केला तर पॅनेलचा काही भाग वाया जातो. फुल एचडी पॅनेलवर चित्र १६०० × ९०० एवढ्यात बसले तर ३० टक्के ठिपके गेले. लेन्स शिफ्ट (लेन्सच सरकवून चित्र हलवण्याची सोय) असेल तर ती वापरा, तिने ठिपके जात नाहीत.

फोकस चालू केल्या केल्या लावू नका. स्वस्त एलईडी प्रोजेक्टर तापला की फोकस सरकतो, २० मिनिटांनी लावा. मध्यभाग धारदार आणि कोपरे धूसर राहत असतील तर लेन्सच तशी आहे. मधल्या आणि कडेच्या मधोमध कुठे तरी तडजोड करावी लागते.

पडदा हवाच का, भिंत चालत नाही?

चालते, भिंत सपाट असेल तर. पुट्टी नीट घासून वर पांढरा मॅट रंग द्या. चमकदार रंगावर मधोमध उजेडाचा डाग दिसतो आणि रोलरचे दाणे अंधारातल्या दृश्यांत उठून येतात.

अमेरिकेतून आणलेला टीव्ही इथे चालेल का?

पाठीमागचे लेबल वाचा. ‘१००–२४०’ व्होल्ट असेल तर थेट चालेल. फक्त ‘१२०’ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दुसरी अडचण अशी की तिकडचे काही टीव्ही ५० हर्ट्झ सिग्नल घेत नाहीत आणि आपले डीटीएच बॉक्स तोच देतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ मिळाले तर चित्र येते, पण थोडे धक्के खात. स्ट्रीमिंग स्टिकला हा त्रास नाही, ती ६० हर्ट्झवर चालते.